चर्चगायन आणि पायाचा ऑर्गन : ग्रामीण विदर्भ

रविवारच्या उपासनेत सगळ्या मंडळीने मिळून गाणे, त्या गाण्याला पुढे नेणारा गायकवृंद आणि साथीला ऑर्गन, अशी ही परंपरा आहे. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत आणि जुन्या मिशन आवारांत ‘ऑर्गन’ म्हणजे युरोपातल्या कॅथीड्रलमधला नळ्यांचा ऑर्गन नव्हे. तो पायाने भाता मारून वाजवायचा, पितळी सुरांचा (सूर म्हणजे इथे हवेने थरथरून वाजणारी पितळी जीभ), लहान कपाटाएवढा लाकडी ऑर्गन. संगीत नाटकामुळे मराठी श्रोत्याला तो परका नाही. अनेक चर्चमध्ये आता त्याच्या जागी कीबोर्ड आला आहे आणि हार्मोनियम तर घरोघरी आहे. वाद्य कोणतेही असो, त्याने मंडळीला सूर द्यावा, श्वासाला जागा द्यावी आणि गाणे रेंगाळू देऊ नये. या नोंदीतला बहुतेक तपशील याच तीन गोष्टींभोवती फिरतो.

स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपुरात स्कॉटिश मिशनचे काम सुरू केले. पुढे यवतमाळ भागात फ्री मेथोडिस्ट, अकोला-अमरावतीकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, वाशीम-बुलढाण्यात चर्च ऑफ द नाझरीन अशा निरनिराळ्या मिशनांनी मंडळ्या उभ्या केल्या. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ चा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (अनेक प्रॉटेस्टंट पंथांच्या एकत्रित चर्चची) स्थापना झाली तीही नागपुरातच. प्रत्येक मिशनने आपापल्या चाली आणल्या. त्यामुळे एकच मराठी गीत दोन तालुक्यांत दोन चालींवर ऐकू येते, आणि लग्नाला दोन्हीकडचे वऱ्हाडी जमले की पहिल्या कडव्यात गोंधळ होतो.

चाली दोन जातींच्या

पहिली जात पाश्चात्य चालींची. या चाली अक्षरसंख्येवर बेतलेल्या असतात : ८-७-८-७ किंवा ८-६-८-६. मराठी भाषांतरात अक्षरे मोजून बसवलेली असतात, पण ऱ्हस्व-दीर्घ दर वेळी जुळत नाही. लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर आले की मंडळी ते ओढून दीर्घ करते. ‘तारण’ हा शब्द काही जण ‘ता-रण’ असा दोन सुरांत संपवतात, तर काही ‘ता-र-ण’ असा तीन सुरांवर पसरतात. अशा जागा तालमीतच ठरवून गाण्याच्या वहीत पेन्सिलीने खुणा कराव्यात.

दुसरी जात देशी चालींची : अभंग, पदे, भजने. ही वाट रुंद करण्याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९). अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि शेवटच्यात चार. हा साचा वारकरी भजनामुळे प्रत्येकाच्या कानात असतो, म्हणून देशी चालीची गाणी मंडळी पाठ म्हणते आणि पाश्चात्य चालीची पुस्तकात पाहून. इथे ऑर्गनने मागे सरावे. चार सुरांचे जाड मेळ अभंगाखाली दाबून धरले तर चालीतल्या मुरक्या बुडतात. हार्मोनियमवर नुसती चाल, जोडीला ढोलकी किंवा तबला आणि टाळ एवढे पुरते. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरीचा ठेका विदर्भात सर्वांच्या अंगात भिनला आहे. देशी गीताला खंजिरी बेताने वाजवली तर ती शोभते. पाश्चात्य चालीला मात्र ती लावू नये, लय धावू लागते.

गायकवृंद आणि तालीम

खेड्यातल्या चर्चमध्ये आठ ते पंधरा जण मिळाले तरी काम चालते. सोप्रानो, आल्टो (बायकांचा वरचा आणि खालचा), टेनर, बास (पुरुषांचा वरचा आणि खालचा) असे चार आवाज नेमायला प्रत्येकात किमान तीन खात्रीचे गळे हवेत. ते नसतील तर चार आवाजांचा हट्ट सोडावा. एकसुरात नीट गायलेले गाणे डळमळत्या चार आवाजांपेक्षा केव्हाही चांगले. मधला मार्ग म्हणजे पहिले कडवे एकसुरात, धृपदाला बायकांचा दुसरा सूर आणि शेवटचे कडवे पुन्हा एकसुरात.

तालीम बहुधा शनिवारी संध्याकाळी, पाऊण ते एक तास. आधी दहा मिनिटे आकार, म्हणजे लांब ‘आ’, लावावा, मग शब्दांशिवाय चाल सरगमीत किंवा ‘ला’वर म्हणावी, मग चालीशिवाय शब्द लयीत वाचावेत, आणि शेवटी दोन्ही एकत्र. शब्द वाचण्याची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि रविवारच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात. श्वास कुठे घ्यायचा ते अर्थावरून ठरवावे. ओळ संपली म्हणून सगळ्यांनी श्वास घेतला आणि क्रियापद पुढच्या ओळीत राहिले, तर वाक्य तुटते.

उच्चाराचा प्रश्न इथला खास आहे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’ : ‘डोळे’चे ‘डोये’, ‘जवळ’चे ‘जवय’, ‘पाणी’चे ‘पानी’. गीतांची भाषा मात्र पुस्तकी. निम्मे जण ‘जवळ’ आणि निम्मे ‘जवय’ म्हणाले की शेवटचे व्यंजन पुसट होऊन जाते. बोलीबद्दल कोणाला ओशाळवाणे वाटू देऊ नये. ‘ळ’ला जीभ टाळूकडे वळवून तो शब्द पाच-सात वेळा हळू म्हणून घेतला की समूहाचा उच्चार एक होतो.

पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला ‘सा’ धरून गायचे ते, निवडताना सर्वात जास्त चूक होते. छापील पाश्चात्य चाली चार आवाजांसाठी लिहिलेल्या असतात, त्यामुळे वरचा आवाज पुष्कळदा तारसप्तकातल्या (वरच्या सप्तकातल्या) पांढरी चारपर्यंत, म्हणजे F पर्यंत, जातो. मंडळीचा वरचा सूर तार पांढरी दोनच्या (D च्या) पुढे नेऊ नये. पांढरी चारमध्ये छापलेली आणि वरच्या षड्जाला टेकणारी चाल तीन अर्धस्वर खाली, म्हणजे पांढरी दोनमध्ये घ्यावी. तसे केले नाही तर पुरुष तिसऱ्या ओळीत खालच्या सप्तकात उतरतात, म्हातारी माणसे गप्प होतात आणि गाणे गायकवृंदापुरते उरते. सकाळी आठच्या उपासनेत गळे उघडलेले नसतात, तेव्हा पहिले गीत आणखी अर्धा स्वर खाली असले तरी चालते.

वाद्याची रचना

हार्मोनियम आणि अमेरिकी बनावटीचा पायाचा ऑर्गन यांत मूळ फरक हवेचा आहे. हार्मोनियमचा भाता हवा सुरांवर ढकलतो. ऑर्गनचे पायभाते आतली हवा काढून टाकतात आणि बाहेरची हवा सुरांमधून आत ओढली जाते, म्हणून त्याचा आवाज मऊ. पण याच कारणाने खोलीतली धूळही सुरांत ओढली जाते. नेहमीच्या वाद्याला पाच सप्तके, बोटांनी दाबायच्या ६१ पट्ट्या असतात. पट्ट्यांच्या वरच्या बाजूला बाहेर खेचायच्या खुंट्या म्हणजे स्टॉप, ते डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागासाठी वेगळे. गुडघ्याने बाहेर ढकलायच्या दोन दांड्या : बहुधा उजवीने आवाज वाढतो, डावीने सगळे सूर एकदम उघडतात. मिशनरी दौऱ्यावर नेत तो घडीचा ऑर्गन याच जातीचा, पण चार सप्तकांच्या आसपासचा.

पाय आलटूनपालटून, सावकाश आणि सारख्या दाबाने चालवायचे. नवशिका तालावर पाय मारतो, त्यामुळे प्रत्येक मात्रेला आवाज हिसका खातो. पायांनी ताल धरायचा नसतो, त्यांनी फक्त भाता रिकामा राखायचा.

हवामान आणि बिघाड

मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडीठाक होते आणि लाकूड आकसते. सूर ज्या फळीवर बसवलेले असतात तिला चीर पडली की हवा आडवाटेने शिरते. श्रावणात उलट : पट्ट्या फुगून अडकतात. पण वाद्याचा सर्वात मोठा शत्रू कूलर आहे. व्यासपीठाशेजारी ऑर्गन आणि समोर खिडकीत कूलर अशी मांडणी सर्रास दिसते. तीन तास ओलसर झोत आणि उरलेला आठवडा भट्टी, अशा फेऱ्यांत भात्याचे कापड सुटते आणि सांधे उकलतात. ऑर्गन झोताच्या रेषेत नसावा, भिंतीपासून वीतभर दूर असावा, आणि फरशी धुताना त्याखाली विटा असाव्यात.

जिनिंगच्या गावांत दिवाळीपासून पुढे हवेत कापसाचे तंतू उडतात. असा एक तंतू पितळी जिभेत अडकला की तो सूर मुका होतो. दुरुस्ती सोपी आहे : मागची फळी काढावी, आकड्याने तो एकच सूर बाहेर ओढावा, मऊ कुंचल्याने झाडावा आणि त्याच खाचेत परत बसवावा. एका वेळी एकच सूर काढावा, दहा काढून फरशीवर मांडले की अदलाबदल ठरलेली. उलट दुखणे म्हणजे पट्टी न दाबताही सूर वाजत राहणे. झडपेखाली कचरा असेल किंवा पट्टी फुगून खाली राहिली असेल, तर असे होते. अडकणाऱ्या पट्टीला तेल कधीही लावू नये, त्यावर धूळ बसून चिखल होतो. मार्गदर्शक खिळ्याला पेन्सिलीचे शिसे घासावे.

भाता तपासायचा तर सगळ्या खुंट्या बंद करून पाय मारावेत, भाता पुरता ओढला गेला की पाय काढून घ्यावेत. तो अर्धा मिनिट तग धरत नसेल तर कुठेतरी गळती आहे. कापड चिकटवायला सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ) वापरावा. हल्लीचा पांढरा गोंद पक्का बसतो खरा, पण पुढच्या कारागिराला तो सोडवता येत नाही आणि लाकूडच तुटते. सरस ऊब दिली की सुटतो. उंदीर भात्याच्या कडा कुरतडतात, म्हणून खालची जाळी शाबूत ठेवावी आणि आत डांबरगोळ्यांची पुरचुंडी टांगावी. सूर लावणे मात्र जाणत्याकडेच द्यावे : जिभेचे टोक खरवडले की सूर चढतो, बुडाशी खरवडले की उतरतो, आणि खरवडलेले पितळ परत येत नाही.

जुना ऑर्गन आणि नवा कीबोर्ड एकत्र वाजवायचे असतील तर आधी एक सूर जुळवून पाहावा. ऑर्गन थोडा वर किंवा खाली असतो, तेव्हा कीबोर्डचा सूर त्याच्याकडे वळवावा. भारनियमनाचा पट्टा असेल तिथे कीबोर्डाला सेल घालून ठेवणे शहाणपणाचे, आणि त्याचा तयार ठेका उपासनेत बंद ठेवावा. तो मंडळीच्या श्वासासाठी थांबत नाही.

उपासनेत साथ

गीताचा क्रमांक सांगितल्यावर चालीची शेवटची ओळ पूर्ण लयीत वाजवावी. ज्या लयीत ती वाजेल त्याच लयीत मंडळी उठेल. मग एक श्वासाची जागा सोडून सुरुवात. कडव्यांमध्ये दर वेळी तेवढीच जागा सोडावी. एकदा दोन मात्रा आणि एकदा चार असे झाले की कोणीतरी एकटाच सुरू होतो.

गाणे रेंगाळण्याचे कारण सहसा एकच : वादक मंडळीची वाट पाहतो आणि मंडळी वादकाची. अशा वेळी आवाज वाढवून उपयोग होत नाही. ओळीच्या शेवटचा सूर किंचित आधी सोडून पुढच्या ओळीचा पहिला सूर वेळेवर द्यावा. चालीत एकच सूर सलग दोनदा आला तर पट्टी उचलून पुन्हा दाबावी, मधले सूर धरून ठेवावेत. टिनपत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की चार आवाजांचे गीत बाजूला ठेवून सगळ्यांना येणारे एकसुरी गीत घ्यावे.

कॅथलिक चर्चमध्ये उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) ऑर्गन फक्त गाण्याला आधार म्हणून वाजतो. त्यातला चौथा रविवार आणि मोठे सण एवढाच अपवाद. पवित्र गुरुवारच्या (ईस्टरआधीच्या गुरुवारच्या) गौरवगीतानंतर पुनरुत्थान जागरणाच्या (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेच्या) गौरवगीतापर्यंतही हाच नियम लागू होतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा लेखी नियम नसला तरी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बाराला सुरू होणाऱ्या, क्रुसावरच्या येशूच्या सात उद्गारांच्या उपासनेत पुष्कळदा वाद्याशिवाय गातात. तेव्हा सुरुवातीचा सूर देणारा माणूस आधी नेमलेला असावा, आणि त्याने तो हार्मोनियमवर हळूच तपासून घ्यावा. उन्हाने सुकलेल्या गळ्यांनी सूर दर कडव्याला थोडा उतरतो, म्हणून नेहमीपेक्षा अर्धा स्वर वर सुरू करावे.

नाताळच्या फेरीला ऑर्गन जात नाही. गळ्यात अडकवलेली हार्मोनियम, ढोलकी आणि कंदील घेऊन रात्री घरोघर फिरतात. डिसेंबरच्या थंडीत पहिल्या दोन घरी पांढरी एकच्या वर जाऊ नये, गळे तापल्यावर पट्टी चढवावी. प्रत्येक घरी दोन कडवी पुरतात, म्हणजे वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत आवाज टिकतो.