टपाली बायबल अभ्यासक्रम

ख्रिस्ती धर्मशिक्षणाची आणि धर्मप्रसाराची एक पद्धत. इच्छुकाला बायबलचे पाठ टपालाने पाठवायचे, त्याने सोबतची उत्तरपत्रिका भरून परत धाडायची आणि ती तपासून पुढच्या पाठाबरोबर पुन्हा त्याच्याकडे रवाना करायची, असा तिचा क्रम. प्रवेशाला धर्माची किंवा शिक्षणाची अट बहुधा नसते, आणि प्राथमिक अभ्यासक्रम सहसा मोफत असतो. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) याला नुसते ‘बायबल कोर्स’ म्हणतात.

पत्रातून शिकवणे ख्रिस्ती परंपरेला नवे नाही. बायबलच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी २१ पत्रेच आहेत. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल सांगतो, की हे पत्र वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाऊ द्या. आधुनिक टपाली शिक्षण मात्र स्वस्त टपालामुळे शक्य झाले. इंग्लंडमध्ये १८४० साली पेनी पोस्ट सुरू झाले आणि आयझॅक पिटमन यांनी लगेच टपालाने लघुलेखन शिकवायला घेतले. अमेरिकेत विल्यम रेनी हार्पर यांनी १८८१ मध्ये हिब्रू भाषेचे पाठ टपालाने सुरू केले. शिकागोच्या मूडी बायबल संस्थेने १९०१ मध्ये स्वतंत्र टपाली विभाग काढला. पुढे टोरांटोत सुरू झालेल्या इम्माऊस या बायबल शाळेने अनेक देशांत असे पाठ पोचवले. ‘व्हॉइस ऑफ प्रॉफेसी’ या ॲडव्हेंटिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) रेडिओ कार्यक्रमाची टपाली शाळा १९४२ ची. भारतात तिचे काम पुण्याहून चाले. रेडिओ आणि टपाल ही जोडी फार परिणामकारक ठरली: कार्यक्रमाच्या शेवटी पत्ता सांगायचा, श्रोत्याने कार्ड टाकायचे, उत्तरादाखल पहिला पाठ यायचा.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, ते ठाणे-नवी मुंबई परिसरावरून पाहू. ठाण्यात ख्रिस्ती इतिहास जुना आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मसेवक इथे मारले गेले. पोर्तुगीज काळापासून कॅथलिक वस्ती आहे. सेंट जेम्स चर्च १८२५ चे. टपाली अभ्यासक्रमाचा रोख मात्र या जुन्या वस्तीपेक्षा चर्चचा उंबरठा कधी न ओलांडलेल्या वाचकाकडे असतो. नोकरीसाठी आलेला, खोली भाड्याने घेऊन राहणारा, रविवारी कुठे जावे हे ठाऊक नसलेला माणूस ठाण्यात आणि १९७० नंतर सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत जागोजाग भेटतो. शेजारी मराठी, मल्याळी, तमिळ, हिंदी बोलणारे. म्हणून एकच पाठ अनेक भाषांत असणे इथे चैन नाही, गरज आहे.

पाठ म्हणजे काही पानांची पुस्तिका आणि शेवटी तुटक रेषेवर कापायची उत्तरपत्रिका. वर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, खाली प्रश्न. लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे वाटणी घेऊन ती उडवणारा धाकटा मुलगा परत येतो आणि बाप त्याला आनंदाने घरात घेतो ती बोधकथा, घेतला, तर प्रश्न असे येतात: धाकट्याने बापाकडे काय मागितले? परत येणारा मुलगा बापाला केव्हा दिसला? थोरला भाऊ का रागावला? पहिल्या दोहोंची उत्तरे मजकुरातून उचलता येतात. तिसऱ्यापाशी वाचक थबकतो, कारण घर सांभाळणाऱ्या थोरल्याचा राग आपल्याकडच्या कुठल्याही कुटुंबात समजण्यासारखा आहे. त्याखाली ‘आपला काही प्रश्न असल्यास लिहा’ म्हणून कोऱ्या ओळी असतात. या पद्धतीचा खरा प्राण त्या ओळींत आहे. आजारपण, कर्ज, मुलीचे लग्न, देव ऐकतो का, हे सारे तिथे उतरते. गुण देणे सोपे. या ओळींना हाताने, विचार करून उत्तर लिहिणारा तपासनीस हाच खरा शिक्षक. छापील चिठ्ठी जोडून पाकीट बंद केले, तर शाळा चालू राहते, शिकवणे थांबते.

या भागात सर्वांत मोठी अडचण पत्त्याची. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी आणि संस्कृत पंडित. ठाणे ४००६०१, वाशी ४००७०३ असे मुंबईच्याच ४०० मध्ये बसले, तर कल्याण, भिवंडी ४२१ मध्ये गेले. पालघर वेगळा होईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, ‘जि. ठाणे’ लिहिलेले पाकीट तलासरीचेही असू शके. घणसोली, दिवाळे यांसारख्या गावठाणांत घर क्रमांकापेक्षा चाळमालकाचे नाव उपयोगी पडते. त्यात भाडेकरार अकरा महिन्यांचा. खोली बदलली की पाठ ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो आणि अभ्यास अर्ध्यावर तुटतो. दुकानाचा किंवा कामाच्या ठिकाणचा पत्ता देणे हा त्यावरचा नेहमीचा तोडगा. पण मग पाकीट चार हातांतून जाते.

इथेच पद्धतीची नैतिक कसोटी लागते. नाव-पत्ता विश्वासाने दिलेला असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्यामुळे पाठ कोण पाठवतो, कशासाठी पाठवतो, हे पहिल्याच पत्रात उघड लिहिलेले असावे. वाचकाने लेखी बोलावल्याशिवाय कोणी त्याच्या दारात जाऊ नये, आणि मुलांना पाठ पाठवण्याआधी पालकांची संमती घ्यावी. पंथभेदही लपवू नये: प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके, कॅथलिक बायबलमध्ये ७३, ॲडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात. नवख्या वाचकाला हे आधी कळण्याचा हक्क आहे.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे चर्चमधले विधी टपालाने होत नाहीत. वाचता न येणाऱ्यापर्यंत ही पद्धत पोचत नाही. अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रमाणपत्र मिळते. ते नोकरीला उपयोगाचे नसले, तरी अनेक घरांत चौकट करून लावलेले असते. पाळक (मंडळीचा धर्मगुरू) होण्यासाठीचे शिक्षण ही वेगळी गोष्ट. त्याच्या दूरशिक्षणाचे काम बंगळूरची टॅफ्टी संस्था १९७१ पासून करते.

आता पाठ व्हॉट्सॲपवर येतात आणि उत्तर त्याच दिवशी जाते. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुक पोस्ट बंद केल्याने छापील पाठांचे गठ्ठे धाडण्याचा एक स्वस्त मार्गही गेला. तरीही ज्यांच्या हाती फोन नाही त्यांच्यासाठी कागदच उरतो, आणि त्यांत कैदी आले. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात आहे, दुसरे तळोज्यात. कारागृहातले टपाल तपासूनच आतबाहेर होते, म्हणून तिथल्या उत्तराला वेळ लागतो. तपासनिसाने तो धरून चालावे आणि उशिरा आलेल्या उत्तरपत्रिकेचे गुण कापू नयेत.