चौदाव्या वर्षी उंच असलेला पोरगा विसाव्या वर्षी कुठे असतो?

बास्केटबॉलची ज्युनियर ट्रायल बघितली असेल तर एक गोष्ट लगेच लक्षात येते, सिलेक्टर लोकांची नजर आधी पोराच्या डोक्यावर जाते आणि मग त्याच्या हातातल्या बॉलकडे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रिंग ३.०५ मीटरवर आहे, ती कुणासाठी खाली येत नाही, टीममधे जागा १२, कॅम्पला बोलावलेले प्रोबेबल्स त्याहून कितीतरी जास्त, आणि थोड्याच दिवसांत आशियाई स्पर्धेत चीन नाहीतर इराणसमोर उभं राहायचंय. अशात सहा फूट तीन इंचाचा पंधरा वर्षांचा पोरगा दिसला की त्याचं नाव यादीत जाणारच. आता हा पोरगा खरंच उंच निघणार आहे की बाकीच्यांच्या आधी उंच होऊन बसलाय, हे मात्र नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.

मुलांच्या उंचीचा वेग साधारण चौदाच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, तेव्हा वर्षाला ९-१० सेंटिमीटर वाढ होते. मुलींचं हेच बाराच्या आगेमागे होतं आणि वेग थोडा कमी, ८ सेंटिमीटरच्या आसपास. पण हे 'साधारण' फार फसवं आहे, कारण कुणाचा स्पर्ट, म्हणजे झपाट्याने उंची वाढायचा काळ, बाराव्या वर्षीच येतो आणि कुणाचा सोळावं लागलं तरी पत्ता नसतो, आणि दोघंही एकदम नॉर्मल असतात. समजा दोन पोरं आहेत, दोघंही मोठेपणी १८५ सेंटिमीटरच होणार आहेत. चौदाव्या वर्षी लवकर वाढणाऱ्याने आपल्या शेवटच्या उंचीपैकी ९७ टक्के गाठलेली असू शकते, म्हणजे १७९ च्या वर, आणि उशिरा वाढणाऱ्याने ८७ टक्के, म्हणजे १६१. फरक १८ सेंटिमीटर, सात इंच! ट्रायलला यातला कोण सिलेक्ट होईल हे सांगायला कोच असायची गरज नाही.

त्यात वाढ सगळीकडे एकदम होत नाही. आधी पावलं आणि पाय लांब होतात, धड मागून येतं, आणि ताकद तर त्याच्याही काही महिने मागून. म्हणून ऐन स्पर्टमधला पोरगा काही काळ कोर्टवर अडखळतो, कालपर्यंत सहज जाणारा लेअप (धावत येऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) चुकतो, गुडघ्याच्या खाली नाहीतर टाचेत दुखायला लागतं. ट्रायल नेमकी त्या सहा महिन्यांत आली तर त्याच्या नावापुढे 'स्लो आहे' असा शेरा पडतो आणि विषय संपतो.

फिबाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचं, वयाचं गणित जन्मसालावर चालतं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. म्हणजे ५ जानेवारीला जन्मलेला आणि २८ डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात, जवळजवळ एक वर्षाचा फरक असून. कॅनडात १९८५ साली रॉजर बार्न्स्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या तर वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली, आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक टीम गेममधे, प्रत्येक खंडात हेच सापडत गेलं. आपल्याकडे हा अभ्यास करायचा म्हटलं तर वेगळीच गंमत, कारण गावाकडच्या शाळेत गुरुजींनी दाखल्यावर सरसकट १ जून लिहिलेल्या पिढ्याच्या पिढ्या आहेत. आता ते कमी झालंय म्हणा, पण कागदावरच्या तारखेवर भरवसा ठेवून जन्ममहिन्यांचा आलेख काढायचा तर जूनमधे एक भला मोठा सुळका दिसेल आणि त्याचा बास्केटबॉलशी काडीचा संबंध नसेल.

मग बोन टेस्ट करा की, असं कुणीतरी म्हणतंच. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्सरे काढायचा, हाडांची वाढ किती पुढे गेलीय बघायचं आणि त्यावरून हाडांचं वय काढायचं. यातली टीडब्ल्यू३ नावाची पद्धत आपल्या क्रिकेट बोर्डानेही ज्युनियर गटांसाठी वापरलीय. पद्धत चांगली आहे पण ती जे मोजते ते वय नाहीच, ती पक्वता मोजते. खरोखर पंधरा वर्षांच्या, दाखला एकदम खरा असलेल्या पोराचं हाडांचं वय साडेसोळा येऊ शकतं, आणि वय चोरलेला सतरा वर्षांचा उशिरा वाढणारा पोरगा त्याच टेस्टमधे सोळाखाली आरामात बसू शकतो. म्हणजे प्रामाणिक पोरगा बाहेर आणि चोर आत. फुटबॉलवाल्या फिफाने १७ वर्षांखालच्या स्पर्धेसाठी मनगटाचा एमआरआय आणला, त्यात रेडिएशन नाही आणि ते फक्त एकच बघतात, मनगटाजवळची वाढीची फट पूर्ण बुजलीय का. सतराच्या आत ती पूर्ण बुजणं फार दुर्मिळ. ढोबळ चोरी पकडायला हे बरं, पण कुणाला निवडायचं हे त्यातून कळत नाही.

माझ्या मते खरं नुकसान मात्र वेगळ्याच ठिकाणी होतं आणि त्यावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. उशिरा वाढणाऱ्या बुटक्या पोरावर अन्याय होतो हे सगळ्यांना पटतं, मायकल जॉर्डनला शाळेच्या टीममधून काढल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे (त्याला काढलं नव्हतं खरंतर, शाळेच्या दुसऱ्या टीममधे ठेवलं होतं, पण असो). पण लवकर वाढलेल्या उंच पोराचं काय होतं? तेराव्या वर्षी तो टीममधे सगळ्यात उंच, म्हणून त्याला पोस्टवर, म्हणजे रिंगजवळच्या जागेवर, उभा करतात. तू रिंगखाली थांब, रिबाउंड घे, बॉल आला की वर टाक, ड्रिबल करायचं नाही, ते गार्ड (बॉल पुढे नेणारे, बहुतेक बुटके खेळाडू) बघतील. मॅच जिंकतात, कोच खुश, घरचे खुश, राज्याच्या टीममधे नंबर लागतो, नॅशनल होते, कॅम्प मिळतो. आणि मग सोळाव्या-सतराव्या वर्षी उंची थांबते, सहा फुटावर. आता सिनियर बास्केटबॉलमधे सहा फुटाचा पोस्ट प्लेअर कोण घेणार? त्याने गार्ड व्हायला पाहिजे, आणि गार्डला जे लागतं, म्हणजे डाव्या हाताचं ड्रिबल, दबावाखाली पास, लांबून शॉट, ते शिकायची सगळ्यात चांगली वर्षं तर रिंगखाली हात वर करून उभं राहण्यात गेली. ज्याला सगळ्यात आधी निवडलं तोच सगळ्यात आधी बाहेर पडतो.

उलट उदाहरण अँथनी डेव्हिसचं. शिकागोत शाळेत तो गार्ड होता, सहा फुटाच्या जरा वर, आणि मग साधारण दीड वर्षात आठेक इंच वाढला. उंची सहा फूट दहा झाली पण हात गार्डचेच राहिले, आणि २०१२ च्या एनबीए ड्राफ्टमधे, म्हणजे अमेरिकन लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, तो पहिल्या नंबरला गेला. सर्बियाचा निकोला योकिच घ्या, २०१३ च्या १९ वर्षांखालच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे रौप्यपदक मिळवलेल्या टीममधे होता, उंची २११ सेंटिमीटर, पण पास असे देतो की भले भले गार्ड बघत राहतील. २०१४ च्या ड्राफ्टमधे ४१ वा निवडला गेला आणि पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. आपला सतनाम सिंग भामरा पंजाबातल्या बल्लो के गावचा, लुधियानाच्या अकॅडमीतून २०१० मधे फ्लोरिडाला गेला, २०१५ च्या ड्राफ्टमधे एनबीएच्या डॅलस टीमने त्याला ५२ वा निवडला, भारतात जन्मलेला पहिला. सात फूट दोन इंच. पण एनबीएची एकही रेग्युलर मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. नुसत्या उंचीवर दार उघडतं, आत बसायला दुसरं काहीतरी लागतं.

पोराची शेवटची उंची किती होईल याचा अंदाज घरीही काढता येतो. आईवडिलांची उंची मिळवा, मुलगा असेल तर १३ सेंटिमीटर जास्त धरा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि दोनने भागा. वडील १७५, आई १६० तर मुलगा १७४, मुलगी १६१. पण यात आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडे तिकडे धरायचं असतं, म्हणजे तोच मुलगा १६६ चा पण होऊ शकतो आणि १८२ चा पण. १९९४ ची खामिस-रोश पद्धत जरा बरी, तिच्यात मुलाचं आत्ताचं वय, उंची आणि वजनही धरतात. त्यावरून पोरगा आपल्या अंदाजे शेवटच्या उंचीच्या किती टक्क्यांवर आहे हे निघतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या फुटबॉल अकॅडम्यांनी याच टक्केवारीवर, म्हणजे ८५ ते ९० टक्क्यांच्या गटातली पोरं एकत्र करून, सामने खेळवून बघितले. लवकर वाढलेल्यांना पहिल्यांदाच आपल्या अंगाच्या पोरांशी भिडावं लागलं, नुसत्या धक्क्यावर काम होईना, तर डोकं वापरावं लागलं.

मुलींचं गणित वेगळं आहे आणि सिलेक्टरनी ते वेगळंच ठेवायला पाहिजे. पाळी सुरू झाल्यावर मुलगी सरासरी आणखी ५ ते ७ सेंटिमीटर वाढते, बस. त्यामुळे १६ वर्षांखालच्या गटात दिसणारी उंची मुलींच्या बाबतीत बऱ्यापैकी शेवटची असते, गोंधळ होतो तो त्याच्या आधीच्या सब-ज्युनियर गटात. मुलांच्या बाबतीत १६ वर्षांखालचा गटच सगळ्यात घोळाचा. मुलींमधे त्या वयात बघायचं ते गुडघ्याकडे, कारण वयात आल्यानंतर एसीएल (गुडघ्याच्या आतला लिगामेंट) फाटायचं प्रमाण त्यांच्यात मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि उडी मारून खाली कशी येते हे ट्रायलमधे कुणी बघतच नाही.

बेल्जियमच्या फुटबॉल फेडरेशनने उशिरा वाढणाऱ्यांसाठी 'फ्युचर्स' नावाची वेगळी राष्ट्रीय ज्युनियर टीमच काढली. आपल्याकडे एका टीमच्या प्रवासखर्चाची मारामार असते, ते सोडा. पण नेदरलँड्समधला २०१७ साली छापून आलेला एक प्रयोग फुकटात करता येण्यासारखा आहे. फुटबॉल स्काऊटना पोरांच्या जन्मतारखा नुसत्या यादीत दिल्या तर काही फरक पडला नाही, ते वयाने मोठ्यांनाच निवडत राहिले. पण शर्टचे नंबर वयाच्या क्रमाने लावले आणि तसं त्यांना सांगितलं, तर तो कल गायब झाला.

जन्मतारखेवरच विश्वास नसेल तर उंचीच्या जुन्या नोंदी बघायच्या. शाळेच्या पीटी सरांनी दर तीन महिन्यांनी उभ्याची आणि बसल्याची उंची वहीत लिहून ठेवली तर दाखला न बघताही बरंच कळतं. गेल्या सहा महिन्यांत पाच सेंटिमीटर वाढलेला पोरगा ऐन स्पर्टमधे आहे, त्याच्या उड्या कमी करा आणि त्याच्या अडखळण्याचे मार्क कापू नका. सहा महिन्यांत अर्धा सेंटिमीटर वाढलेला पोरगा, कागदावर चौदाचा असो नाहीतर सोळाचा, जवळजवळ थांबलाय, त्याला आजच रिंगखालून बाहेर काढून बॉल हातात द्या.