तरंगणारा तांदूळ प्लास्टिकचा असतो का?

‘तांदूळ पाण्यात टाका, वर तरंगतील ते दाणे प्लास्टिकचे’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण घनतेचा धडा आपण सगळेच शाळेत शिकलोय.

तोच धडा जरा पुढे नेऊ. पाण्याची घनता घनसेंटिमीटरला १ ग्रॅम. त्याहून कमी घनता असेल ते तरंगतं. पण सगळं प्लास्टिक हलकं नसतं. दुधाच्या पिशवीचा तुकडा तरंगतो. पाण्याच्या बाटलीचा कापून बोटाने बुडवला, तर थेट तळाला जातो, कारण त्याची घनता साधारण १.३८. (अख्खी रिकामी बाटली तरंगते ती आतल्या हवेमुळे.) तेव्हा नुसत्या तरंगण्यावरून प्लास्टिक ओळखता येत नाही.

मग दाणे वर का येतात? किडका दाणा आतून पोकळ असतो. शिवाय रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत साधारण शंभराला एक या प्रमाणात पोषक दाणे मिसळले गेले: तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ घालून यंत्रावर पाडलेले. हेही साध्या दाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगू शकतात.

शंका असेल तर तरंगणारे दहा दाणे वेचून वाटीत शिजवा. बोटाने चिरडले गेले, तर तो भातच. आमच्याकडे हे दाणे निवडून टाकले जायचे. नेमकं लोहच सुपाबाहेर!