फास दिसतो, कोठडी दिसत नाही

साताऱ्याच्या गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी १७ जणांना मारलं. पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. सगळं उघड्या माळावर.

याच साताऱ्यात १९०० साली शाळेत दाखल झालेले डॉ. आंबेडकर ३ जून १९४९ ला संविधान सभेत म्हणाले, की सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सोय करण्यापेक्षा फाशीच रद्द केलेली मला जास्त पटेल. मागणी नवी नव्हती. गयाप्रसाद सिंह यांनी १९३१ मध्येच केंद्रीय विधिमंडळात तसं विधेयक आणलं होतं. ते फेटाळलं गेलं. १९५६ ला लोकसभेतही तेच झालं. १९५८ ला राज्यसभेत पृथ्वीराज कपूर यांनी (हो, तेच, नट) ठराव मांडला, चर्चा घडवली आणि मागे घेतला. १९६२ च्या लोकसभेतल्या चर्चेनंतर विषय कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाकडे गेला. फाशी रद्द करण्याचा धोका आत्ता पत्करता येणार नाही, असा अहवाल १९६७ ला आला, तेव्हा गृहमंत्री होते साताऱ्याचेच खासदार यशवंतराव चव्हाण. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं फाशी देताना विशेष कारणं लिहिणं न्यायाधीशावर बंधनकारक केलं. २०१५ ला आयोगानं मत बदललं: दहशतवादाचे गुन्हे सोडून फाशी नको. संसदेनं तसा कायदा केलेला नाही.

कोठडीतल्या मारहाणीवर मात्र इतकी चर्चाही झाली नाही. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० च्या मे महिन्यात लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेनं प्रवर समितीकडे धाडलं आणि २०१४ ला लोकसभेची मुदत संपली तसं तेही बुडालं. पुढे २०१७ च्या ऑक्टोबरात विधी आयोगानं पुन्हा कायद्याची शिफारस केली. पुढच्याच महिन्यात सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला. पोलिसांनाच अटक झाली.

आमच्याकडच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे १८६१ पासूनचं. आणि कबुलीसाठी दुखापत करणं हा १८६० च्या दंड संहितेतला गुन्हा. तिथलं उदाहरणही पोलिसाचंच. ते दंड संहितेच्या जागी आलेल्या आताच्या न्याय संहितेत कलम १२० खाली तसंच्या तसं आहे.