इनामगावची पांढरी

इनामगावला बघायला काय आहे असं कोणी विचारलं तर खरं उत्तर "काही नाही" असंच आहे. पुण्याहून नगर रोडने निघायचं, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठाला यायचं, ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात, आणि समोर काय तर ऊस, बाभळी आणि थोडी उंचवट्याची जमीन. माझ्यासोबत आलेला भाचा गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, मामा, किल्ला कुठाय?

किल्ला नाही रे बाबा, पायाखाली बघ. आजूबाजूचं रान काळंभोर आणि उंचवट्याची माती मात्र राखाडी, भुसभुशीत. आपल्याकडे जुन्या लोकांना हे बरोबर माहीत होतं, शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली की चुलीची राख, शेण, हाडं, पडलेल्या कुडाच्या भिंती, सगळं तिथंच जिरतं आणि मातीचा रंगच बदलतो. त्यात फॉस्फेट वगैरे भरपूर, म्हणून शेतकरी पूर्वी पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून टाकायचे, त्यात किती जुनी गावं पिकांच्या पोटात गेली देव जाणे.

इथली पांढरी मात्र नीट खणली गेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, धवलीकर, अन्सारी या पुरातत्त्ववाल्या मंडळींनी 1968 ते 1983 अशी पंधराएक वर्षं इथं उत्खनन केलं आणि शंभरावर घरं उघडी केली. गाव साधारण इ.स.पू. 1600 ते 700 एवढा काळ नांदलं, म्हंजे लोखंड अजून यायचं होतं, तांबं होतं पण थोडं, रोजच्या कापाकापीला दगडाची पातीच. घर कसं ओळखायचं हा प्रश्न मला आधी पडायचा, कारण भिंती तर कधीच विरघळलेल्या. पण चोपून सारवलेली जमीन टिकते, आणि खांब कुजून गेला तरी त्याच्या खड्ड्यात वेगळी माती भरते, असे गोल डाग ओळीनं जोडत गेलं की घराचा नकाशा मिळतो. जळालेलं धान्यही असंच, माती पाण्यात ढवळली की कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. त्यातून कळलं की हे लोक मुख्यतः जव खायचे. शिवाय नदीचं पाणी वळवायला त्यांनी पाट आणि बांध घातला होता. ऊस लावणाऱ्यांनी हे वाचून थोडं हसावं!

आता खरी अंगावर येणारी गोष्ट. लहान मूल गेलं की त्याला दोन रांजणांत ठेवायचे, तोंडाला तोंड लावून आडवे, आणि पुरायचे कुठे तर राहत्या घराच्या जमिनीखाली. म्हणजे वर चूल पेटतीय, कोणी जातंय येतंय, आणि खाली लेकरू. मोठ्या माणसांना पण घरातच किंवा अंगणात पुरायचे, पण घोट्याखालून पाय तोडून. मेलेल्यानं उठून कुठं जाऊ नये म्हणून, असा अंदाज आहे. एक माणूस मात्र वेगळा निघाला, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला आणि त्याचे पाय शाबूत. गावचा प्रमुख असावा असं मानतात. मला विचाराल तर पुरावा एवढाच की त्याच्यासाठी नियम मोडलाय, आणि नियम कोणासाठी मोडतात ते आपल्याला काय सांगायला पाहिजे!

गावाच्या शेवटच्या तीनशे वर्षांत चौकोनी ऐसपैस घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, शेती कमी आणि शिकार जास्त झाली. पाऊसमान घटलं असं धवलीकरांनी मांडलं. खापरंसुद्धा तेच सांगतात, आधीची जोर्वे खापरं (नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून हे नाव) तांबडी, पातळ, त्यावर काळ्या रेघांची नक्षी आणि भट्टीत इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर खणखण वाजतात, नंतरची जरा जाडीभरडी.

भाच्याला तसला एक तुकडा बांधाजवळ सापडला. टिचकी मारली, वाजला. घरी न्यायचा हट्ट झाला, मी नाही म्हटलं, मग त्यानं तो होता तिथंच उलटा ठेवला, नक्षी खाली, "दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून".