सिंहस्थातला गुरू नेमका दिसतो कधी?

नाशिकच्या सिंहस्थाची अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ या तारखांना जाहीर झाली आहेत. त्र्यंबकेश्वरी तिसरं स्नान १२ सप्टेंबरला. घाट, रस्ते, बंदोबस्त यांची गणितं शहरात सगळेच करतात. पण ज्याच्या नावावर हा सगळा सोहळा, तो गुरू ग्रह त्या दिवशी आकाशात कुठे असेल, असं विचारणारे थोडेच. आकाश बघण्याचं वेड लागलेल्यांना मात्र हाच प्रश्न आधी सुचतो.

उत्तर गमतीचं आहे. ३१ ऑगस्टला, म्हणजे श्रावण अमावास्येच्या स्नानाला, गुरू दिसणारच नाही. त्या सुमारास तो सूर्याच्या जवळजवळ बरोबर मागे, पृथ्वीपासून साधारण ९५ कोटी किलोमीटरवर असेल. पंचांगवाले याला गुरूचा अस्त म्हणतात. हा काही योगायोग नाही. सूर्य, चंद्र आणि गुरू तिघंही सिंह राशीत असताना येणारी अमावास्या ही परंपरेनं मोठी पर्वणी. आकाशाच्या ३० अंशांच्या एकाच पट्ट्यात हे तिघे आले की त्यातले दोघे सूर्याच्या झगमगाटात बुडणार, हे उघड आहे. २०१५ मध्येही तेच झालं होतं. २६ ऑगस्टला गुरू-सूर्य युती, आणि स्नानं २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबरला. रामकुंडावर लाखो लोक बुडी मारतात ती डोळ्यांना न दिसणाऱ्या ग्रहाच्या भरवशावर. आणि तो तिथे आहे हे सांगतं कोण? गणित! श्रद्धेचा इतका मोठा मेळा आकडेमोडीवर उभा असावा, याचं मला ग्रहाइतकंच नवल वाटतं.

ती आकडेमोडही सरळ नाही. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, पुरती बारा नाहीत. त्यामुळे बारा वर्षांनी तो मूळ जागेपेक्षा चारेक अंश पुढे गेलेला असतो. असे अंश साचत गेले की कधीतरी एक कुंभमेळा वर्षभर अलीकडे घ्यावा लागतो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्येच भरला, तो यामुळेच. दुर्बीण नसताना, पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागून ज्यांनी ही चाल टिपली, त्यांचं निरीक्षण आजच्या हौशी निरीक्षकांनाही मान खाली घालायला लावील.

यंदाच्या सिंहस्थात त्या चालीचा आणखी एक खेळ पाहायला मिळतो. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, कारण गुरू त्या दिवशी सिंह राशीत शिरतो. पण डिसेंबरच्या मध्यात तो थबकतो, वक्री होतो, आणि जानेवारी २०२७ च्या अखेरीस चक्क कर्क राशीत परत जातो. पुन्हा सिंहेत येतो तो जूनच्या अखेरीस. अर्थात, खरा गुरू कुठेही मागे फिरत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर आपली एसटी एखाद्या मालट्रकला मागे टाकते, तेव्हा दूरच्या डोंगरापुढे तो ट्रक उलटा सरकल्यासारखा भासतो; तसंच हे. आतल्या कक्षेतली पृथ्वी वेगानं पुढे निघून जाते, इतकंच. शिवाय राशींच्या सीमारेषा आकाशात कुठे आखलेल्या नाहीत, ती विभागणी माणसाची. सिंहेतला मघा तारा मात्र खरा आहे. डिसेंबरात गुरू त्याच्यापासून तीनेक अंशांवर येऊन माघारी वळेल. दर आठवड्याला वहीत दोघांच्या जागा काढून ठेवल्या तर हे वळण कागदावर उमटतं. मुलांना वक्रगती शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

गुरू डोळे भरून पाहायचा तो फेब्रुवारी २०२७ मध्ये. १० तारखेच्या आसपास तो सूर्याच्या बरोबर समोर येतो, संध्याकाळी उगवतो आणि रात्रभर आकाशात राहतो. तेव्हा अंतर सुमारे ६५ कोटी किलोमीटर. तिथून निघालेला प्रकाश आपल्याकडे पोचायला ३६ मिनिटं लागतात. साध्या १०×५० द्विनेत्रीतून त्याचे चार मोठे चंद्र दिसतात, फक्त ती तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) बसवायची किंवा कठड्याला टेकवून धरायची. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये हेच ठिपके पाहिले आणि प्रत्येक गोष्ट पृथ्वीभोवतीच फिरते या समजुतीला तडा गेला. आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, म्हणजे काल पाहिलेली रांग आज तशी नसते.

दुर्बिणीतून गुरू पाहून हात जोडणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. दत्तगुरूंचा गुरुवार करणाऱ्या आजीही त्यात असतात, आणि पट्टे दिसले का म्हणून विचारणारा नास्तिक नातूही. दोघांच्या तोंडून आधी निघतो तो ‘अगंबाई’ किंवा ‘बापरे’च. गुरू सिंहेत असताना लग्न करावं की नाही, याचं उत्तर त्या काचेत नाही आणि तसं ते शोधूही नये. ग्रहाची जागा पंचांगातून काढता येते, म्हणून त्याची मर्जीही काढता येते असं होत नाही. पण ज्याला त्या चार ठिपक्यांत ईश्वराची योजना दिसते, त्याच्याशी वाद घालायला मी तरी रात्रीची झोप मोडून गच्चीवर जात नाही.

२ ऑगस्टला आणखी एक प्रकार आहे. त्या अमावास्येला खग्रास सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा उत्तर आफ्रिकेतून जातो, नाशिकला दुपार कलताना खंडग्रासच. आणि सूर्यास्तानंतर पश्चिमेला अगदी खाली, मघाच्या शेजारी, गुरू. हे सगळं ऐन पावसाळ्यात, त्यामुळे ढगांनी कृपा केली तरच. ग्रहण पाहायचं तर प्रमाणित चष्म्यातूनच. द्विनेत्री सूर्याकडे चुकूनही रोखू नये.

फेब्रुवारीत ती भीती नाही. आकाश बहुधा मोकळं असतं. अंधुक तेजोमेघ पाहायला त्र्यंबक किंवा हरसूलच्या बाजूला जावं लागतं, पण गुरूला अंधार लागत नाही. पंचवटीतली गच्चीही चालते. रात्री दहानंतर तो चांगला वर आलेला असतो, आणि स्वेटर मात्र लागतो.