शेवंतीची रात्र कोणी खाल्ली?

दिवाळी उलटली की घरच्या बागेतला गलका ओसरतो. तेरडा वाळून गेलेला असतो, दसऱ्याचा झेंडू उपटायच्या बेतात असतो, आणि मग शेवंतीची पाळी येते. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला आणि केसातल्या वेणीला तीच लागते. नेमक्या याच दिवसांत बागवेड्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो : "झाड छान वाढलंय, पानं हिरवीगार आहेत, पण कळी म्हणून धरत नाही. काय घालू?"

मोबाइलवर उत्तरं तयारच असतात. केळीच्या सालीचं पाणी घाला, कांद्याच्या सालीचं घाला, तुरटीचा खडा पुरा, चमचाभर एप्सम सॉल्ट टाका आणि शंभर कळ्या मोजा. घरातली वडीलधारी मंडळी आणखी पुढे जातात : शेजारच्या सदाफुलीला आणि जास्वंदीला फुलं येतायत आणि हीच एक रुसलीय, म्हणजे दृष्ट लागली. मग कुंडीत काळी बाहुली उभी राहते.

निरीक्षणात चूक काहीच नाही. एकाच गॅलरीत, एकाच मातीत बाकीची झाडं फुलतात आणि शेवंती अडून बसते, हे खरंच घडतं. फक्त कारण खतात नाही आणि कोणाच्या नजरेतही नाही. नत्र जास्त झालं तर पानं माजतात हे मान्य, पण शहरातल्या निरोगी शेवंतीला कळीच धरत नसेल तर मी आधी माती बघत नाही. रात्री नऊला त्या गॅलरीत दिवा असतो का, एवढंच विचारतो.

दिवसाच्या लांबीचा आणि फुलांचा संबंध नीट उलगडला तो तंबाखूमुळे. अमेरिकेच्या कृषी खात्यात वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलर्ड हे दोघे तंबाखूच्या 'मेरिलँड मॅमथ' नावाच्या जातीने हैराण झाले होते. उन्हाळ्यात ती शेतात दहा फुटांच्या वर जायची, शंभरेक पानं धरायची, पण फुलायची नाही. हिवाळ्यात काचगृहात मात्र छोट्याशा रोपालाही फुलं यायची. तापमान, खत, पाणी सगळं तपासून झाल्यावर त्यांनी १९१८ च्या उन्हाळ्यात झाडं दुपारी चारला अंधाऱ्या खोलीत ढकलायची आणि सकाळी नऊला बाहेर काढायची, असा क्रम धरला. दिवस असा कापल्याबरोबर भर उन्हाळ्यात फुलं आली. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या झाडांच्या यादीत शेवंती, कलांचो आणि नाताळात लाल होणारी पॉइनसेटिया ही नावं ठळक आहेत. सदाफुलीला दिवसाच्या लांबीशी काही देणंघेणं नाही, म्हणून ती बारा महिने फुलते.

आपल्याकडे दिवस फारसा लहानमोठा होत नाही, असं वाटू शकतं. पुण्यात २१ जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि २१ डिसेंबरचा अकरा तासांचा. फरक दोन-सव्वादोन तासांचा. सप्टेंबरात दिवस रोज जेमतेम एका मिनिटाने कमी होतो. तरी झाडाला तेवढं पुरतं. प्रत्येक जातीची आपली एक मर्यादा असते. दिवस तिच्या खाली आला की खोडाच्या शेंड्यावर पानांऐवजी कळी घडायला लागते आणि तिथून फूल उमलेपर्यंत ठरावीक आठवडे जातात. बाजारात चालणाऱ्या बऱ्याच जातींना सात ते दहा आठवडे लागतात. सप्टेंबरात सुरू झालेलं काम नोव्हेंबर-डिसेंबरात दिसतं ते त्यामुळे. म्हणजे दिवाळीनंतर कळी नाही म्हणून कुंडीत काही ओतणं हे पेपर देऊन झाल्यावर अभ्यासाला बसण्यासारखं आहे.

आता खरी गंमत. झाड दिवस मोजतच नाही, रात्र मोजतं.

कार्ल हॅम्नर आणि जेम्स बॉनर यांनी १९३८ मध्ये हे दाखवलं. त्यांचं प्रायोगिक झाड आपल्याही ओळखीचं आहे : शंकेश्वर, ज्याची काटेरी फळं रानात फिरताना कपड्यांना चिकटतात. पुरेशी लांब अशी एकच रात्र मिळाली तरी हे झाड फुलायच्या वाटेला लागतं. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार करून पाहिला, झाडाला काही फरक पडला नाही. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला, तर फुलणं रद्द! मधल्या त्या उजेडाने एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री झाल्या, आणि झाडाच्या लेखी त्यांची बेरीज होत नाही.

हा उजेड झाडाला कळतो कसा? पानांत फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य-प्रथिन असतं. त्याची दोन रूपं. एक साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश शोषतं आणि दुसऱ्या रूपात बदलतं; ते दुसरं रूप ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश शोषून पुन्हा पहिल्यावर येतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत बोर्थविक, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर ही उलटापालट दाखवली : लाल प्रकाश दिला की बी रुजतं, लगेच अतिलाल दिला की रुजत नाही, पुन्हा लाल दिला की रुजतं. शेवटचा प्रकाश कोणता एवढंच महत्त्वाचं. रात्र मोडण्याच्या बाबतीतही लाल प्रकाशच सर्वांत प्रभावी ठरतो. अंधारात दुसरं रूप हळूहळू विरतं, आणि त्याला लागणारा वेळ हेच झाडाचं घड्याळ, असं काही काळ मानलं जायचं. ते टिकलं नाही. वेळ सांगायला पेशींतलं चोवीस तासांचं जैविक घड्याळ लागतं. फायटोक्रोम फक्त उजेड आहे की नाही एवढं सांगतं.

पुढचा भाग माझा सगळ्यात लाडका, कारण त्यात प्रयोगाचं झाड खुद्द शेवंतीच आहे. कळी शेंड्याला येते, पण रात्र कोण मोजतं, शेंडा की पान? सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल चाइलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली. खालच्या पानांना लहान दिवस दिला आणि वरच्या बोडक्या शेंड्याला मोठा. शेवंती फुलली. उलट केलं, पानांना मोठा दिवस आणि शेंड्याला लहान, तर फुलली नाही. म्हणजे हिशेब पानात होतो आणि निरोप खोडातून वर जातो. निरोप नेणाऱ्या त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी १९३७ मध्ये 'फ्लोरिजेन' नाव दिलं. स्टालिनच्या पाठिंब्यावर विरोधी शास्त्रज्ञांना दडपणाऱ्या लायसेन्कोच्या दहशतीचा तो काळ, त्याची झळ त्यांनाही बसली. शिवाय तो पदार्थ पुढची सत्तर वर्षं कोणाच्या हाती लागेना, तेव्हा अनेकांनी कल्पनाच भंगारात काढली. शेवटी २००७ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात आणि भातात तो सापडला : एफटी कुळातलं एक लहानसं प्रथिन, पानात तयार होऊन अन्नरसाबरोबर शेंड्याकडे जाणारं.

शेवंतीच्या रानटी भाऊबंदांपैकी एकीत जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये याच्या नेमकं विरुद्ध काम करणारं प्रथिन दाखवलं. फुलवणारं प्रथिन एफटीएल-३, आणि फुलू न देणारं एएफटी. दोन्ही पानांतच तयार होतात आणि दोन्ही शेंड्यापर्यंत जातात. तिथे एफडीएल-१ नावाचं तिसरं प्रथिन असतं. फुलवणारं त्याच्याशी जोडलं गेलं की कळीची जनुकं जागी होतात. न फुलवणारं आधी जोडलं गेलं की ती जागा अडते. आता एएफटी तयार कधी होतं बघा. सूर्यास्तानंतर ठरावीक तासांनी पानांत एक खिडकी उघडते. त्या वेळी अंधार असेल तर एएफटी जवळजवळ बनत नाही. फायटोक्रोमला त्या वेळी उजेड दिसला, तर भरपूर बनतं. मोजणी सांज झाल्यापासून सुरू होते, मग आधीचा दिवस केवढाही असो. म्हणजे दिव्याखालची शेवंती फुलायचं विसरलेली नसते. दर रात्री ती नकार नव्याने तयार करत असते. एवढं नेमकं उत्तर हातात असताना काळ्या बाहुलीत कोणाला रस वाटावा, हे मला खरंच कळत नाही.

किती उजेड म्हणजे फार? शेवंतीचं फुलणं मुद्दाम लांबवायचं असेल तेव्हा फुलशेतीवाले मध्यरात्रीच्या सुमारास काही तास साधारण १०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश देतात. संवेदनशील जाती याहून बऱ्याच कमी उजेडातही रेंगाळतात. पौर्णिमेचं चांदणं एका लक्सच्याही आत असतं, त्यामुळे चंद्र बघून शेवंती लावायचे जे मुहूर्त सांगतात त्यात अर्थ नाही. गॅलरीच्या कठड्याजवळचा रस्त्यावरचा एलईडी दिवा मात्र सहज आड येतो. उपाय फुकट आहे. सप्टेंबरपासून कळ्यांना रंग दिसेपर्यंत कुंडी रस्त्याकडच्या गॅलरीतून आतल्या अंगाला न्या, किंवा संध्याकाळी सहाला तिच्यावर खोकं पालथं घालून सकाळी काढा. रोज. अधूनमधून विसरलात तर त्या रात्रींचा नकार झाडात जमतो.

थंडीत उमलणाऱ्या शेवंतीचा रंग गडद का, तेही सांगतो. जांभळ्या-गुलाबी शेवंतीचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, आणि ते थंडीत जास्त बनतं, उकाड्यात कमी. ऑक्टोबरचा उकाडा लांबला तर कळ्याही उशिरा येतात.

नर्सरीतून नोव्हेंबरात आणलेली ठेंगणी, गच्च भरलेली कुंडी हे वेगळं प्रकरण. तिचं झुडूप बहुधा शेंडे खुडून आणि वाढ रोखणारी औषधं देऊन तसं घडवलेलं असतं. फुलं संपली की लोक ती फेकून देतात आणि इथे माझा जीव तुटतो. झाड जमिनीपासून चार बोटांवर कापा. महिन्याभरात बुंध्यालगत मातीतून नवे कोंब येतील, त्यांना काश्या म्हणतात. मुळांसकट सोडवून त्या वेगवेगळ्या लावा. दुपारचं ऊन टाळून उन्हाळा काढा. जून-जुलैत मोठ्या कुंडीत हलवून महिन्याभराने शेंडा खुडा. पुढच्या वर्षीची झाडं उंच आणि विस्कटलेली होतील, कारण औषध उतरलेलं असेल. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री अजून लांब असतात आणि कोवळ्या काश्यासुद्धा कळ्या धरायचा प्रयत्न करतात. तेव्हा त्यांना खुशाल रस्त्याच्या दिव्याखाली ठेवा, पानं वाढू देत. ऑगस्टच्या शेवटी जागा बदला.